चौथ्याआधी पाचवं

डबे पाच आले, दिल्लीहून, रेल्वे पार्सलनं.
सोबतच्या चिठ्ठीत: भाषा ग्रीक, खाली अक्षरं येत नाहीत.
सेक्रेटरी मुजुमदार म्हणाले, तू इंग्रजीत एम.ए. करतेस ना,
मग पडद्याशेजारी उभी राहा आणि सांग.
सारांशाची आठ सायक्लोस्टाइल पानं दिली, एक टॉर्च दिला.
ग्रीकशी माझी ओळख भूमितीतल्या थीटापुरती.

रामबागेतली शाळा. खिडक्यांना सतरंज्या.
साठेक माणसं, बँकेतली, मिलच्या ऑफिसातली,
काही नुसती पंखा आहे म्हणून आलेली.
टेकडीवर काळ्या कपड्यांतल्या बायकांचा घोळका उभा राहिला
आणि सगळ्या एका तोंडानं बोलू लागल्या.
यांना काय म्हणायचं ते पानात नव्हतं.
मी म्हटलं, हे गाव आहे.
गाव सगळं बघतं. गाव मधे पडत नाही.
पुढच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला.

दुसऱ्या डब्यात राजाची दवंडी:
या प्रेताला कोणी हात लावायचा नाही.
मग ती बहीण आली, उन्हात, एकटी,
वाकली, आणि भावावर मूठभर धूळ टाकली.
सारांशात चार ओळींचं इंग्रजी होतं, विधी, परंपरा वगैरे.
माझ्या तोंडून एकच शब्द गेला: मूठमाती.
तो शोधावा लागला नाही.
तो आमच्याकडे होताच, वापरून गुळगुळीत झालेला,
वादाला मूठमाती, भांडणाला मूठमाती,
आणि आत्ता पहिल्यांदा
त्यात मूठ दिसली. आणि माती.

पुढे याकूबमियाँनी चौथ्याआधी पाचवं रीळ चढवलं.
डब्यांवरचे आकडे पुसट, त्यांचा चष्मा दुरुस्तीला.
गुहेत ती लटकताना दिसली, ओढणीच्या फासाला,
राजा छाती बडवून घेत होता,
आणि रीळ बदललं तर ती
टेकडी चढत येतेय, घामेजलेली, वाऱ्यानं केस उडतायत.
एक पोरगा मागून ओरडला,
"भिया, ही तर मेली होती ना?"
साठ माना माझ्याकडे वळल्या.
मी टॉर्च विझवला.
म्हटलं, गाव आठवण काढतंय.

खोटं होतं. पण कोणी उठलं नाही.
शेंगदाण्यांची पुडी कुठे वाजली नाही.
सिनेमा संपला तेव्हा ती चालतच होती.
अडीच हजार वर्षांतला तो एकच खेळ असावा
ज्यात शेवटी ती जिवंत होती, इंदूरला, रविवारी.

मुजुमदार माझ्यावर चिडले. दिवे लागले.
खुर्च्या रचताना द्वारकाबाई सरमंडल आल्या,
आमच्याच गल्लीतल्या, पिशवीत कोथिंबीर.
त्यांचा भाऊ मोरटक्क्याला नर्मदेत उतरला होता, अधिक महिन्यात.
अंग सापडलं नाही.
अकरा दिवस वाट पाहून दर्भाचा पुतळा जाळला होता.
म्हणाल्या, ते मातीचं तेवढं
परत दाखवता येतं का गं?

मुजुमदार घड्याळाकडे बघत होते.
याकूबमियाँ काही न बोलता दुसरा डबा उघडत होते.
मशीन होतं जुनं, उलटंही चालायचं,
जागा शोधताना त्यांनी ते मागे फिरवलं:
धूळ मेलेल्या भावावरून उठली,
हवेत जमली, बहिणीच्या मुठीत परत गेली,
मूठ मिटली, ती पाठमोरी पावलं टाकत उन्हात विरली.
मग सुलटं. मग पुन्हा.
तीन वेळा पाहिलं आम्ही चौघांनी.
मी पडद्याशेजारी उभी होते सवयीनं,
हातात पानं, काही सांगायचं नव्हतं.

द्वारकाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"हात धुतले नाहीत तिनं," एवढंच म्हणाल्या,
आणि चपला शोधायला गेल्या.

सोमवारी डबे परत पाठवताना फॉर्म भरला मी.
प्रिंटची स्थिती: ठीक.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
दुसरं रीळ एके जागी थोडं घासलं आहे.