मेख

सहाव्या कपाटात ती उभी आहे,
पितळी स्टँडवर, टोक खाली,
टोक कशालाच न टेकता.
चिठ्ठीवर एवढंच : तिबेट. विधीसाठी. लोखंड, पितळ.
मुठीला तीन तोंडं. एक हसरं, एक निवांत,
एक दात विचकणारं. खाली मगरीचा जबडा
आणि जबड्यातून निघालेलं तीनधारी पातं.
सहलीची पोरं भितात, हसरं तोंड पुढे ठेव,
असं माझ्या आधीचे शिपाई, हैबती घार्गे, सांगून गेले.
एकोणीस वर्षं तेच पुढे आहे.

कार्तिकात एक धनगर आला, एकटा,
खांद्यावर घोंगडं, पायताण दाराबाहेर.
औंधच्या टेकडीखाली कुणाच्या तरी रानात
त्याची मेंढरं बसली होती.
संगमरवरी बायांपुढून, तसबिरींपुढून
तो नुसता चालत गेला
आणि इथं थांबला.
"ही तर मेख हाय," म्हणाला. "वाघरीची."

मॅडमकडून ऐकलेलं मी सांगितलं :
लामा ती दोन्ही तळहातांत घुसळतो, रवीसारखी,
मग भुईत रोवतो.
जे वाईट, ते जागच्या जागी खिळून राहतं.
"म्हंजी वारं बांधायची," तो म्हणाला.
बराच वेळ गप्प. मग :
"मेख हितं हाय. वाघर कुठं ऱ्हायली?"

नोंदवहीत तारीख आहे, वजन आहे,
कुणाकडून घेतली, किती रुपयांना.
कुणी उपटली,
उपटल्यावर काय मोकळं सुटलं,
असा रकाना नाही.

पायताण घालून तो पुन्हा दारात आला.
"आन् उभी कशापायी ठिवलीया?
उभी मेख पयल्या हिसक्याला निघती.
तिरकी ठोकायची. वढीच्या उलट्या अंगाला."

सांजेला खालून आवाज आला,
दगडानं मेखा ठोकल्याचा.
ठक्, ठक्, जरा थांबून, ठक्.
सहाव्या कपाटाची काच तेवढी थरथरली,
की माझाच हात होता तिच्यावर.

आता दर सोमवारी पुसताना
मी ती जराशी कलती करतो.
बुधवारपर्यंत मॅडम सरळ करतात.
ओढ कुठल्या बाजूची, मला काय ठाऊक.
उत्तरेची असेल, या अंदाजानं
मी ती दक्षिणेला कलवतो,
आगीच्या लाल बादल्यांकडे.