तिसरी मात्रा

पुस्तक निवडताना लोक वेष्टन बघतात.
मी पाठ बघतो.
चाळीस वर्षं गणपती पेठेत बाइंडिंग केलंय,
दाभणानं बोटाला घट्टा पडलाय,
पुस्तक किती टिकणार हे मला
उघडतानाच्या आवाजावरून कळतं.

एस्टोनियन शिकायचं ठरलं
तेव्हा समोर तीन होती.

एक हिरवं. मिरजेच्या डॉक्टरीणबाई, रशियात शिकलेल्या,
शिवायला टाकून गेल्या, त्यांची पावती
अजून खिळ्याला आहे. नंबर लागत नाही.
आत बटाटे, दुधाचे कॅन, सोसायटीची बैठक,
चिखलात रुतलेला ट्रॅक्टर,
म्हणजे सगळं आपलं वाळवंच की!
पण खुलासे रशियनमध्ये
आणि शेवटचा फर्मा गायब. उत्तरं त्यातच होती.

दुसरं दस्तगीरच्या झेरॉक्सवर काढून घेतलं,
चारशे पानं, इंग्रजीतून. माझं इंग्रजी पावतीपुरतं.
त्यात जो तो विमानतळावर उतरतो,
हॉटेलात जातो, कॉफी मागतो.
पाठ पहिला, स्वाध्याय तीन:
शेजारी बसलेल्याला त्याचं नाव विचारा.
मी भिंतीवर थाप मारून विचारलं, मिस सु निमि ऑन?
दस्तगीर पलीकडून ओरडला,
मामा, हाफ का फुल?

तिसरं विकतचं. साडेतीन हजार, पानोपान रंगीत,
पाठीला नुसता डिंक.
सांगलीच्या चैत्रात पानं सुटणार, लिहून देतो.

कशाला शिकताय, विचारतात.
ज्याला त्याला वेगळं सांगतो.
बँकेतल्या साहेबांना: नातू जाणाराय तिकडं.
(नातू नाही.)
अकिवाटे गुरुजींना: व्याकरण बघायचंय.
विभक्त्या किती?
चौदा.
गुरुजी सरसावून बसले,
स ला ते, स ला ना ते म्हणत बोटं मोडू लागले,
दोन्ही हातांची संपली.
आणि भविष्यकाळ?
तो नाहीच.
मग उद्याचं कसं करतात?
मी म्हटलं, आपण जाताना 'येतो' म्हणतो,
तसंच काहीतरी भागवत असतील.

खरं म्हणजे
एका दुपारी हिरव्याची शिवण उसवताना
एका ओळीवर हात थांबला.
लिना: जवसाचं कापड, पुठ्ठ्यावर चढवतो तसलं.
लिन्ना: शहराचं.
लिन्ऽना: शहरात.
लिहायला शेवटची दोन्ही सारखी.
ह्रस्व, दीर्घ, आणि त्याच्याही पुढं एक,
कोंबड्याच्या शेवटच्या कू एवढी.
हिरव्यात तिथं अक्षराआधी
बारीक तिरकी रेघ दिलीय.
इंग्रजीवाल्यात नाही.
रंगीत तर त्या वाटेलाच गेलं नाही.

साठीनंतर एकट्यानं शिकायचं
तर चुकलं म्हणणारं कुणी नसतं.
तेवढी रेघ तरी पाहिजे.

परवा रात्री शटर ओढलं आणि तिन्ही उसवली.
हिरव्याचे बटाटे अन् रेघा पुढं,
झेरॉक्सातली उत्तरं मागं.
प्रश्न एकाचे, उत्तरं दुसऱ्याची,
जुळली तर जुळली.
रंगीतातनं एकच पान घेतलं,
बर्फात लाकडं फोडणारी एक बाई,
तिच्या पायाजवळ कुत्रं.
दोऱ्याला मेण लावलं,
खळीत मोरचूद जरा जास्तच घातलं.
पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायला बसलो
तर नाव सुचेना.
मग पुस्तकाला त्यांच्यात जे म्हणतात तेच टाकलं: रामत.

सकाळी गुरुजींनी उचलून वाचलं.
राम कळला, म्हणाले, पुढचा त कुणाचा?

बाई आल्या तर काय द्यायचं, हा प्रश्न आहेच.
खिळ्यावरची पावती काढली,
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
शिकतोय. उद्या देतो.