शेवटचे चार आकडे

काचपट्टीवर एक थेंब रक्तजल,
शेजारी एक थेंब गुलाबी द्रावण.
काडीनं कालवायचं
आणि चार मिनिटं पट्टी डावी-उजवी झुलवायची.
गफूरभाई म्हणतात, हा पाळणाच की, मॅडम.
थेंब सपाट राहिला तर गाय सुटली.
नासलेल्या दुधासारखे कण धरले
तर नोंदवहीत बेरजेची खूण.
आमच्या उदगीरच्या प्रयोगशाळेत
बेरजेचा अर्थ वजाबाकी.

मन्मथ बिरादारची शेवरा देवणी
पांढऱ्या अंगावर शाईचे डाग सांडल्यासारखी.
सातव्या महिन्यात गाभडली,
जार पडेना,
तेव्हा महानंदानं कोपरापर्यंत हात घालून तो काढला.
बांगड्या तेवढ्या उतरवून ठेवल्या होत्या
गव्हाणीच्या कडेला.

मी तीन ओळी टाइप केल्या :
वेगळी बांधावी. दूध उकळूनच प्यावे. विकू नये.
मन्मथनं कागदाची घडी टोपीत ठेवली
आणि पायऱ्यांवरून परत आला.
"कापायची न्हाई, इकायची न्हाई, गाभ ऱ्हात न्हाई.
मंग तिला वैरण कोन घालावं, मॅडम?"
सूक्ष्मदर्शकाखाली
मी खूप लहान गोष्टी बघू शकते.
हा प्रश्न चांगला बैलाएवढा होता.

आठ महिन्यांनी अहमदपूरकडून एक खोकं आलं.
बर्फ वितळलेला, लेबलं ओली,
एक्केचाळीस नळ्या.
सतराव्या नळीवर बिल्ल्याचा नंबर, शेवटी
चार तीन आठ सहा.
माणसांची नावं मी विसरते,
लग्नात समोर आलेली आत्या ओळखत नाही,
पण बिल्ल्यांचे आकडे विसरत नाही.
जुनी वही उघडायची गरज नव्हती.
उघडली.

हाळीच्या बाजारात
दात मोजले असतील, वशिंड दाबलं असेल,
रुमालाखाली बोटांनी भाव ठरला असेल.
टोपीतला कागद कुणी मागितला नाही.
आता त्या गोठ्यात आणखी दोन गायींची बेरीज
आणि सहा वर्षांचं एक लेकरू,
रोज सकाळी पेला घेऊन थेट धारेखाली बसणारं.

मी गेले. शेषाबाई म्हणाली,
"लई गरीब गाय हाय जी, शिंग म्हनून हालवीत न्हाई."
गाय माझ्या कोटाची बाही चाटत राहिली.
मी तिचा कान धरून आकडे वाचले,
पुन्हा वाचले,
कुठलातरी आठ चुकून तीन निघावा म्हणून.

परतताना वाटेत महानंदाकडे थांबले.
गाईचं काही विचारलं नाही.
"दिस मावळला की ताप येतो," ती म्हणाली,
"रातभर घाम. आन् दुखनं एका जागी ऱ्हात न्हाई,
आज गुडघ्यात, उद्या कमरेत, बिऱ्हाड बदलल्यावानी."
तीन वेळा मलेरियाच्या गोळ्या झाल्या होत्या.
मी जनावरांची डॉक्टर.
तिच्या रक्ताला हात लावायचा मला अधिकार नाही.
एका चिठ्ठीवर जंतूचं नाव लिहिलं,
मोठ्या अक्षरात, लग्नपत्रिकेवर लिहितात तसं,
आणि सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरला फोन केला.
मन्मथ दारात उभा होता.
तो माझ्याकडे बघत नव्हता, मीही त्याच्याकडे नाही.
त्याला विचारण्यासारखं होतं ते
आधी त्यानंच मला विचारलं होतं.

आता चार तीन आठ सहा
प्रयोगशाळेच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये असते, एकटी.
आत जाताना गमबूट, बाहेर येताना चुन्याचं पाणी.
कडब्याच्या शंभर पेंढ्यांचं बिल
मी संशोधन प्रकल्पात टाकलं आहे,
'रसायने, इतर' या रकान्यात.
हिशेब तपासायला मार्चमध्ये साहेब येतील.
त्यांना काय सांगायचं,
गफूरभाईंना विचारलं.
हातमोजे चढवत ते म्हणाले,
मार्चचं मार्चला बघू.
आधी तिला पाणी दाखवू.