पेवातली मंडळी

पहिल्या रात्रीचं शूटिंग वाया गेलं.
तीन तास रेकॉर्डिंग, आणि कार्डावर काय,
तर हरिपूरच्या एका पेवाचं तोंड, प्लास्टिकची खुर्ची
आणि खुर्चीच्या वर हवेत तरंगणारी कानटोपी.
आवाज मात्र खणखणीत:
"जन्म बुधगावचा. मरण इथलंच."

मी लग्नं घेतो. बारशी, डोहाळजेवणं, क्वचित वास्तुशांत.
माहितीपट हा पहिलाच,
आणि यातली माणसं भिंगात उतरत नाहीत
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तोड काढली चंपूताईंनी.
पेवाच्या भिंतीला अजून धरून बसलेली
जुन्या हंगामाची हळद नखानं खरवडली,
तिघांच्या तोंडाला फासली.
मग दिसले: तीन पिवळे चेहरे,
डोळ्यांच्या जागी भोकं,
नवरी पळून गेल्यावर मांडवात उरलेल्या
पाहुण्यांसारखे.

गुंडाप्पा अडत्या. मरणाआधी हळदीचा, आता नुसताच.
"पुलाच्या कामावर एक सायब हुता, फिक्कट, उन्हाला भिणारा.
उधारीवर माल दिला त्याला.
वसुलीला गेलो, तर मलाच वसूल केला की हो त्यानं."
हसले असावेत. पिवळ्यात एक काळी फट उघडली.
सुळे आहेत, पण दाखवता येत नाहीत,
प्रेक्षकांनी विश्वास ठेवावा.

चंपूताई शेवटच्या वडापनं मिरजेला जातात.
रक्तपेढीत झाडलोट, कायमची रातपाळी,
मुदत संपलेल्या पिशव्या पगारात धरल्यात.
"कारखान्यांचा पट्टा हा. गोडच येतंय सगळं.
आता मलाबी साखर निघाली.
डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी चाला.
म्हटलं, सकाळ सोडून बोला."
म्हणून रात्री दोनला आमराईभोवती फेऱ्या.
कुत्री सोबतीला असतात, लांबून.

पूर आला त्या साली पेवात पाणी शिरलं, तेही भर दुपारी.
गोधड्यांत गुंडाळून तिघं बोटीत बसली.
छावणीत खिचडी, मेणबत्त्या, आणि वही घेऊन तलाठी.
वय? "एकशे एकेचाळीस."
तलाठ्यानं शंभर गिळले, एकेचाळीस लिहिलं.
गुंडाप्पा अजून ते विसरले नाहीत:
"मयताची मदत वेगळी, पूरग्रस्ताची वेगळी.
आम्ही दोन्ही. मिळालं एकबी न्हाई."

आणि तवनाप्पा.
तो बोलत नाही. तोंडाला लावायची हळदसुद्धा
आधी फडक्यातून चाळून घेतो, एखादी मुंगी असेल म्हणून.
घरचं वळण: दिवस मावळला की पाणीही नाही.
आणि दिवस मावळल्याशिवाय त्याला जाग येत नाही.
रक्ताचं तर नावच नको.
"मग खातो काय?"
गुंडाप्पांनी मान हलवली, कानटोपी हलली:
"त्याचा हिशेब आमच्या वहीत बसत न्हाई."
उपास सोडणार कधी, असं त्यालाच विचारलं,
तर माइकवर नुसतं नदीचं वारं.

शेवटच्या रात्री मी कंटाळून घरी गेलो,
कॅमेरा पेवाच्या तोंडाशी चालूच राहिला.
बॅटरीनं कशी कुणास ठाऊक सकाळपर्यंत साथ दिली.

सात वाजून चार मिनिटं.
ऊन गवतावर सरकत पेवाच्या काठाला लागलंय.
आतून एक पिवळा हात येतो,
चिमटीत गुळाचा खडा.
उन्हात धरतो, जणू कुणाला तरी दाखवतोय.
बोटांतून धूर निघतो, हात आत जातो.
म्हणजे पठ्ठ्या रात्रभर जागा झालाय
आणि सकाळ होऊनही झोपलेला नाही.

बायको म्हणाली, हे काप,
विनोदी करतोयस ना तू?
आवाज वाढवून तिला ऐकवलं.
आधी चंपूताई, झोपेतल्या, चिडलेल्या:
"भाजलं का रं?"

मग बराच वेळ काही नाही.
मग एक आवाज, न वापरलेला, गंजका:
"गोड हाय."