बेकु

खानापुरात तहसीलदार कचेरीला लागून
पत्र्याच्या शेडात माझं टायपिंगचं दुकान.
एकाच कीबोर्डवर दोन भाषा,
एक कळ दाबली की मराठी, पुन्हा दाबली की कन्नड.
पानाला वीस रुपये.
उधारी फक्त आमदारसाहेबांची.

साहेब म्हणजे यल्लोजीराव बस्तवाडकर.
शनिवारी त्यांचा भैरू येतो, काखेत दोन फायली.
पिवळी मैदानातली, ती मराठीत.
निळी बेंगळूरला जाणारी, ती कन्नडात.

पिवळीत असतं,
सरकार म्हणजे फाटक्या खिशाचा जावई,
खजिना काय गावठाणातलं बोरिंग आहे,
कुणीबी यावं आणि हापसावं?
फुकटाची सवय लागली की माणूस
पायातली चप्पलसुद्धा सरकारकडं मागतो.
ह्या ओळीपुढं त्यांनी लिहिलेलं असतं, टाळ्या.
ते मी टाईप करत नाही.
टाळ्या येतात तरी.

निळीत,
मान्यरे.
लोंढ्याला समुदाय भवन, एक कोटी वीस लाख.
जांबोटी क्रॉसला बसथांबा, वर साहेबांचं नाव, नावाला लाईट.
नंदगडच्या तळ्याला कठडा.
कठड्यापुढं कारंजं.
मेव्हण्याच्या काजूच्या बागेपर्यंत डांबरी रस्ता,
विषय: ग्रामीण दळणवळण.
मंजूरु माडबेकेंदु कोरुत्तेने.
एवढं वाक्य मी झोपेतही टाईप करीन.

बेकु म्हणजे पायजे.
बोट जरा जास्त रेंगाळलं
की क ला क लागतो, बेक्कु होतं.
बेक्कु म्हणजे मांजर.
खोडण्याआधी मी क्षणभर बघते त्याच्याकडं,
कसं डोळे मिटून बसलंय कागदावर.

एकदा साहेब स्वतःच आले होते,
पंख्याखाली टोपी काढून घाम पुसत होते.
म्हटलं, ह्या दोन फायली कधी एकमेकींना भेटल्या तर?
हसले. मोकळं हसतात, ते काही खोटं नाही.
म्हणाले, पोरी, खर्च वेगळा आणि काम वेगळं.
दुसऱ्याच्या तालुक्यात होतो तो खर्च.
आपल्यात होतं ते काम.
जाताना पावती मागून घेतली,
सरकारी खात्यावर.

आमची कणवेवाडी मलप्रभेच्या पलीकडं.
लाकडाचा सांकव दर जुलैत वाहून जायचा.
पोटुशा बायकांना सातव्यातच अलीकडं आणायचे,
भाड्याच्या खोलीत ठेवायचे.
रुक्माण वहिनीला आणायला एक दिवस उशीर झाला.
त्याबद्दल मी लिहिणार नाही.

त्या मार्चात निळ्या फायलीत चौदा पत्रं होती.
मी पंधरावं घातलं.
लेटरहेड माझ्याकडंच होतं, शब्द पाठ,
कठड्याच्या आणि कारंज्याच्या मधे सारलं.
भैरूनं मोजलं नाही, साहेबांनी वाचलं नाही,
सही मात्र झोकात, शेपटीसकट.

दीड वर्षानं सिमेंटचा पूल उभा राहिला.
उद्घाटनाचं भाषण शनिवारी आलं, पिवळीतून.
हा पूल माझं बारा वर्षांचं स्वप्न.
आणि दोनच परिच्छेदांनी खाली,
राज्य उधळपट्टीनं बुडत चाललंय, मी ती रोखणार.
मी दोन्ही एका मार्जिनमधे बसवलं.

आता रोज स्कुटीनं त्यावरनं घरी जाते.
कोनशिलेपाशी वेग कमी होतो.
त्या दिवशी भीत भीत टाईप करताना
माझी एक वेलांटी सुटली होती,
ती तशीच कोरलीय ग्रॅनाईटमधे:
वाडी नाही, कणवेवाड.
सरकारी कागदात गाव आता तेच.

परवा भैरू म्हणाला, दुरुस्तीला पत्र घालूया काय?
चाळीसभर हजार लागतील. मिळतात की.
नको, म्हटलं मी,
उगीच सरकारला खर्च.
खरं बोटं आधीच पोचली होती,
आणि कळ
कन्नडवर पडली होती.