लाकडाचा आवाज

मैदानाच्या दक्षिणेला चर्च, उत्तरेला तुरुंग,
आणि मधे बावीस यार्डांचा तो तुकडा
ज्यावर बेटाने आपली अब्रू मांडली होती.

रोलर कैदी ओढायचे. आठ जण, उन्हं चढायच्या आत.
डेनफील्ड निब्स मधेच खाली बसायचा,
मातीला तळवा लावायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
आणि म्हणायचा, तिसऱ्या दिवशी चहापानानंतर
इथून चेंडू खाली बसेल.
बसायचा.
खेळपट्टी कुणी केली, याला पुस्तकात रकाना नाही.

पुस्तक हेझलिन लुबीच्या ताब्यात, एकतीस वर्षं.
लाल शाई, निळी शाई, आणि एक पेन्सिल
जी केसांत खोचून ती विसरायची.
कुणी कुणाला टिपलं, कितव्या षटकात,
पावसाने किती मिनिटं खाल्ली, सगळं तिथे.
मैदानावरची सर्वोच्च खेळी : दोनशे सत्याऐंशी.
एका पाहुण्या साहेबाची, जुनी,
इथल्या उन्हाने नंतर आठवडाभर झोपवलेल्या.
तो आकडा धावफलकाच्या माथ्यावर, पितळेत.
दर डिसेंबरात घासून लख्ख. तेही कैद्यांकडूनच.

मग थिओफिलस वेस्ट आला,
मासळीबाजारातल्या एस्मीचा धाकटा.
दीड दिवस खेळला.
दुसऱ्या दुपारी बँक बंद, कोर्ट बंद,
चर्चमधलं लग्न अर्ध्यावर थांबलं म्हणतात.
(नवरी अजून चिडते : मी कुठे थांबवलं,
नवराच उठून गेला.)

निब्सच्या कोठडीला एकच खिडकी, उंचावर.
बादली पालथी घालून चढलं की
चर्चकडचं टोक दिसायचं.
अलीकडचं टोक स्टँडच्या पत्र्याआड.
म्हणजे अर्धी खेळी डोळ्यांनी, अर्धी कानांनी.
विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघा,
पाच-पाचाच्या जुड्या बांधलेल्या.

वेस्ट झेल देऊन परतला तेव्हा
अख्खं मैदान खाली बसलं.
दोनशे शहाऐंशी.
पितळ जागच्या जागी राहिलं.

भिंतीवर दोनशे सत्याऐंशी होते.

चार वर्षांनी सुटल्यावर निब्स घरी गेला नाही,
तिच्या दारात उभा राहिला, टोपी हातात.
बाई, तुमच्याकडे एक धाव कमी आहे.
दुसऱ्या दिवशी, आमच्या जेवणाच्या घंटेनंतरचं
दुसरं षटक बघा.
तिने बघितलं. चौथा चेंडू. लेगबाय.
पंचांनी गुडघा थोपटला होता, ती म्हणाली,
मी पाहिलंय.

तुम्ही पाहिलं. मी ऐकलं.
पॅडचा आवाज ओल्या गोणीसारखा येतो.
आधी लाकूड वाजलं, बारीक. मग गोणी.

वेस्ट तेव्हा लीड्सला कुठेतरी बस चालवत होता.
त्याला पत्र टाकू का, तिने विचारलं.
नको, निब्स म्हणाला. त्याच्या हातांना माहीत असणार.

तिने त्याला लाल अंबाडीचं सरबत दिलं.
तो ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायला,
तुरुंगातली सवय.
शाईला हात लावायचा नाही, हा तिचा नेम.
आयुष्यात मोडला नाही, तेव्हाही नाही.
फक्त पेन्सिल शोधली, टेबलावर, पर्समध्ये,
मग केसांत सापडली,
आणि समासात लिहिलं, बारीक :
भिंत, २८७.

आता मोठे सामने विमानतळाजवळ होतात.
तिथला रोलर डिझेलवर चालतो.
जुन्या तुरुंगाला चुन्याचे दोन हात दिलेत.
पितळेची पट्टी कुणीतरी उचकटून नेली,
स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली.
शनिवारी शाळेची पोरं खेळतात,
शेळ्या हाकलून, तीन स्टंप एकाच टोकाला.
पंच म्हणून निब्स उभा असतो.
पायचीत देतो, वाईड देतो,
चुकलेल्याला शिव्याही देतो.

लेगबाय मात्र तो कुणालाच देत नाही.