वास जाईपर्यंत

ओस्ट्रावा, फेब्रुवारी, तिसरा मजला.
पहाटे चारला खालची व्लास्ता वर आली,
हातात ओलं वर्तमानपत्र, पायात दोन वेगळ्या चपला.
"तुझं तळं माझ्या स्वयंपाकघरात उतरलंय."
जिन्यातल्या सायकलीवरून झालेल्या भांडणानंतर
सोळा वर्षांतलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

बोहुमीरने काचेच्या कडेवरून बोट फिरवलं.
मागचा डावा कोपरा. केसाएवढी फट.
थेंबही नव्हे, नुसता घाम.
पण रात्रभराच्या घामानेही छत भिजतं.
अकरा मिशाळ मासे बादलीत गेले,
सोबत त्यांचंच जुनं पाणी, हवेची नळी,
वर खिडकीचा पडदा,
कारण घाबरलेला मासा उडी मारतो.

दुपारी व्लास्ता परत.
न्हाणीघराच्या कामातून उरलेली अर्धी ट्यूब घेऊन.
"घे. पांढरी आहे, पण धरते."
त्याने चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली:
बुरशीला कायमचा प्रतिबंध.
ते खोटं नव्हतं,
तीच तर अडचण.
जे वर्षानुवर्षं बुरशीला जगू देत नाही
ते कल्ले बघून हात आखडता घेईल?

आता नाही म्हणणं आलं.
सोळा वर्षांनी कुणी काही हातावर ठेवतं
आणि आपण सांगायचं,
याने माझे मासे मरतील.
"बस," तो म्हणाला, "कॉफी टाकतो."

दुकानातल्या पोराने सगळ्यात महाग ट्यूब पुढे केली.
हिच्यात सिलिकॉनशिवाय काय काय आहे?
पोराला ठाऊक नव्हतं.
दुसरीवर माशाचं चित्र होतं; चित्र कुणीही काढतं.
बोहुमीरने ती उलटी करून मागची बाजू वाचली,
मग खिसा चाचपला.
पारदर्शक. काचेसाठी. बुरशीनाशक नाही.
तिचं सगळं वर्णन तीन ओळींत संपत होतं.

मग ब्लेड.
नवं सिलिकॉन जुन्यावर बसत नाही,
बसल्यासारखं दाखवतं.
आतली सगळी जुनी वळी सोलून काढावी लागते,
चारही सांध्यांची, न गळणाऱ्या तिन्हींचीसुद्धा,
नंतर स्पिरिटचं फडकं, पुन्हा फडकं,
काच बोटाखाली किंचाळेपर्यंत.
व्लास्ता पट्ट्या चिकटवत होती, सरळ रेषेत,
आणि म्हणाली, सायकल खरं तर माझ्या भावाची होती.
तो म्हणाला, पट्टी ओल्यातच ओढायची हं,
सुकल्यावर ओढलीस तर सगळं उपटून येईल.

संध्याकाळी जिनाभर आंबट वास.
दुसऱ्या मजल्यावरचे विचारून गेले,
काकड्या घालताय? फेब्रुवारीत?
व्हिनेगर नाकात झोंबत होतं, डोळ्यांतही,
आणि बोहुमीर खिडकी उघडून निवांत बसला होता.
सव्वीस वर्षं तो खाणीत उतरला.
तिथे जो वायू माणसं न्यायचा
त्याला वास नव्हता.
हे झोंबणारं बरं. सांगून येतं,
सांगून जातं.

ट्यूब म्हणते, एक दिवस.
ट्यूबला घाई असते.
त्याने आठ दिवस मोजले,
रोज बादलीतलं अर्धं पाणी बदलत,
रोज कोपऱ्यात नाक खुपसून.
मग टाकी जमिनीवर, खाली कोरं वर्तमानपत्र,
काठोकाठ पाणी, दोन रात्री.
कागद कोरडा. शब्दकोड्याचे चौकोन तसेच.

व्लास्ता वाकली, तिनेही हुंगलं.
"काहीच वास नाही."
तो दचकला,
जुन्या सवयीने.
मग ते पाणी ओतून दिलं, नवं भरलं,
दिवसभर मुरू दिलं,
आणि बादलीतून जाळीने एकच मासा सोडला.
फक्त एक.
बाकीचे दहा उद्या.

दोघंही दिवा न लावता बसून राहिली,
कॉफी गार होत होती,
आणि मासा तळाशी मिशा टेकवत
एक एक कोपरा तपासत निघाला होता.